भुवईवरचा व्रण

आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाडीत प्रियदर्शिनी पोचली, तेव्हा भागूबाईच्या घरात भरदुपारी अंधार होता. ऑगस्टचं धुकं पार दारात येऊन बसलेलं. खिडकी एकच, तीही सरपणानं झाकलेली. भागूबाईच्या मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाला, नीलेशला, आईचा मोठा फोटो हवा होता, म्हणून महाडच्या जितेशनं आपल्या स्टुडिओतून प्रियदर्शिनीला पाठवलं होतं. कॅमेरा मात्र तिचा स्वतःचा, नवा डिजिटल.

तिनं फ्लॅश चढवला तशी भागूबाईनं हात आडवा धरला. "नको गो बाय. म्हस परवाच व्यालीय. लखाखलं की बुजंल."

पलीकडे खरंच म्हैस रेडकाला चाटत उभी होती. प्रियदर्शिनीनं फ्लॅश पिशवीत टाकला आणि आयएसओ सोळाशेवर नेला. एवढा वाढवला की कॅमेऱ्याला अपुऱ्या उजेडातही दिसतं, पण फोटोत बारीक रंगीत दाणे उठतात. उठू देत. चवदार तळ्यावरच्या वीस मार्चच्या गर्दीत, दिवेलागणीला तिनं असेच फोटो काढले होते आणि तिच्या वस्तीतल्या सगळ्यांना त्यात आपापली माणसं ओळखू आली होती.

चुलीजवळची भागूबाई तिनं टिपली. हनुवटीवरचं गोंदण, डाव्या भुवईतून गेलेला जुना व्रण, सुरकुती न् सुरकुती.

जितेशनं तो फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नुसता रवा सांडलाय! सरक बाजूला." त्यानं दाणे घालवले. त्यांच्याबरोबर सुरकुत्या गेल्या, गोंदणाचा निळसर डाग झाला. व्रण थोडा उरला होता, तोही त्यानं माऊसनं पुसला.

"जितेशदादा, चेहरा मेणाचा झालाय."

"गिऱ्हाइकाला स्वच्छ लागतं."

पुढच्या आठवड्यात नीलेश आईला घेऊनच दुकानात आला. फ्रेम बघून खूश झाला. "आई, एकदम क्लीन हाय ना?"

भागूबाईनं फ्रेम डोळ्यांजवळ नेली. "ही कोन रं?"

"तूच हायस."

"मी नाय." तिनं भुवईवर बोट ठेवलं. "म्हशीचं शिंग बसलं हितं. तू पाठीवर व्हतास माज्या. तुला वाचवताना बसलं. ते कुनी पुसलं?"

जितेश हसून काही सांगू लागला, तोवर प्रियदर्शिनीनं मूळ फोटो पडद्यावर उघडला होता. "इकडे या, मावशी."

म्हातारी वाकून बघत राहिली. "ही मी हाय. पन हे ठिपकं कसलं?"

"घरात उजेड नव्हता ना, त्याचे."

"मंग ऱ्हाऊ दे. घरात अंधार हायच माज्या, लपवायचा कशाला? ह्योच दे."

"असला फोटो माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही," जितेशचा आवाज चढला. "नाव खराब होईल."

भागूबाईनं लुगड्याचा पदर खोचला आणि दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत बसकण मारली. "मंग मी पन हितनं हलत नाय."

नीलेश तिला उठवायला गेला नाही. तोही शेजारी बसला.

"तुमचं नाव नको, माझं घालते," असं म्हणून प्रियदर्शिनीनं प्रिंटरमध्ये कागद सरकवला. जितेश बघतच राहिला. फोटो बाहेर आला, तसं तिनं मागच्या बाजूला पेनानं आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि तो भागूबाईच्या हातात दिला.

मायलेक गेल्यावर जितेश म्हणाला, "उद्यापासून माझ्या पद्धतीनं काम करायचं, नाहीतर येऊ नकोस."

"नाही येणार," ती म्हणाली आणि कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली.

तिनं घरातच काम सुरू केलं. सुरुवातीला कुणी फिरकेना. दिवाळीनंतर एक गुरुजी मुलीला घेऊन आले. स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. "गालावरचे कांजिण्यांचे वण तेवढे काढा," ते म्हणाले. मुलगी खाली मान घालून बसली होती.

"तुम्ही सांगून ते होणार नाही, गुरुजी," प्रियदर्शिनी म्हणाली, आणि मुलीकडे वळली. "तुला काढायचेत का?"

मुलीनं मान वर केली. "नाही," ती म्हणाली, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघू लागली.