अक्रोडापलीकडची जागा

ओमारीने कुदळ मारली आणि ती गोठलेल्या जमिनीवरून टणकन उडाली. त्याच्या तोंडून शिवी निसटली. शेजारी म्हातारा शाक्रो उभा आहे हे आठवून त्याने बाकीची गिळली.

"काका, अजून ऐका. नव्या कबरस्तानात माती मऊ आहे. सगळं गाव तिथे जातं. काकूंनाच इथे, या तारेच्या तोंडाशी कशाला?"

"अक्रोडाच्या पलीकडे खण," शाक्रो म्हणाला. "अलीकडे नको."

बाग उतरत उतरत ओढ्यापाशी संपत होती आणि तिथेच काटेरी तार होती. तारेमागे एक रशियन शिपाई दुर्बीण लावून या दोघांकडे बघत होता. पोरगेलासाच होता, थंडीने नाक लाल झालेला. त्याच्यामागे समोरच्या टेकडीवर जुनं चर्च, आणि चर्चच्या आवारात शाक्रोच्या मुलाची, ताझोची कबर. रशियाशी झालेल्या ऑगस्टच्या लढाईत तो गेला तेव्हा सगळे चालत जाऊन माती देऊन आले होते. तार नंतर आली. चुकार वासरामागे पलीकडे गेलेला ओमारीचा भाऊ महिनाभर कोठडीत होता. वासरू परत आलंच नाही.

शाक्रोची बायको झेरासा मूळची पलीकडचीच, ओसेत जमातीची. तिचा भाऊ आखसार अजून तिकडे राहत होता. तिच्या लग्नात दोन गावांमध्ये फक्त हा ओढा होता आणि वऱ्हाडी त्यात पाय सोडून संध्याकाळपर्यंत पीत बसले होते. तार आल्यापासून बहीणभावाची भेट म्हणजे तारेच्या अल्याड-पल्याड उभं राहून हात हलवणं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी गावातली माणसं आपल्या मेलेल्यांकडे जातात. कबरीवर वाइन ओततात, मंजिष्ठेच्या मुळांत रंगवलेलं लाल अंडं मातीवरून घरंगळवतात. झेरासा ते अंडं मुठीत धरून दिवसभर तारेशी उभी राहायची आणि संध्याकाळी तेच घरी आणायची. घरात त्याला कुणी हात लावत नसे.

मरताना तिने एकच मागितलं होतं, "मला ताझोपाशी ठेव." शाक्रो हो म्हणाला. तिला पलीकडे न्यायची परवानगी मागून पाहिली. कुणी उत्तर दिलं नाही.

माती देताना पाद्रीबाबाही चिडले. "अरे, उद्या कुंपण पुढे सरकलं म्हणजे? बायकोच्या कबरीलाही मुकशील!"

शाक्रोने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मूठभर माती टाकली. बायका आपसात कुजबुजल्या, दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात पहाटे लोखंडी खांब ठोकल्याचा आवाज आला. उजाडेपर्यंत तार वर सरकली होती. ओमारी धावत येऊन दारावर धडका देऊ लागला.

"काका! काकू गेल्या हो तिकडे! मी घसा फोडून सांगत होतो ना!"

शाक्रोने कोटाची बटणं लावत दार उघडलं.

"अक्रोडापर्यंतच आलेत ना?"

"अगदी बुंध्याला लागून. पण तुम्हाला कसं..."

"मी लहान असताना मॉस्कोहून मोजणीवाले आले होते. आमच्याच अंगणात मुक्काम, बापाची वाइन फुकट. जाताना अक्रोडाला खिळा मारून गेले. आम्ही पोटभर हसलो. अल्याड-पल्याड एकच राज्य, रेघ कसली मारताय म्हटलं! ते राज्य केव्हाच मेलं, ओमारी. त्याचा नकाशा या पोरांनी जपून ठेवलाय."

ओमारी मग टोपी काढून पायरीवर बसला.

सोमवारी दोघे तारेपाशी गेले. पलीकडून आखसार सुरई घेऊन काठी टेकत आला. शिपाई जवळच उभा होता. आखसारने बहिणीच्या मातीवर वाइन ओतली, उरलेली भाच्यासाठी घेऊन तो टेकडी चढू लागला. शाक्रोने वाकून तारेखालून अंडं सोडलं. उतारावरून ते घरंगळत गेलं आणि झेरासाच्या उशाशी थांबलं. शाक्रो रडला. तोंड न फिरवता, शिपायासमोर उघड रडला.

मग डोळे पुसून त्याने तारेच्या अलीकडे, अगदी तारेला लागून, टाचेने गवतावर रेघ ओढली.

"माझी कबर इथे खण."

"काका, पण नकाशा तर अक्रोडापाशी संपला. कुंपण आता पुढे येणार नाही. तुम्ही एकटेच इकडे राहाल."

शाक्रोने त्या लाल नाकाच्या पोराकडे पाहिलं. मग मागे वळून चढावरच्या आपल्या घराकडे, गावाच्या छपरांकडे पाहिलं.

"येईल रे. नकाशा संपला म्हणून ही पोरं थांबायची नाहीत," तो म्हणाला. "तू खणून ठेव."