रोजची पद्धत

डाव्या अंगठ्याखालचं ते रबर एकाच बाजूने झिजलं होतं – वरच्या, कारण खेळायला बसला की तो सतत पुढेच ढकलत राहायचा, माघार घेणं त्याला खेळातसुद्धा जमत नसे – आणि कंट्रोलर हातात घेतल्याबरोबर तिचा अंगठा त्या खळग्यात आपणहून जाऊन बसला. तिने तो काढून घेतला. जीन्सला पुसला.

"चालू होतं, पण डिस्क घेत नाही," दुरुस्तीच्या दुकानात काउंटरपलीकडून नणंद सांगत होती. एकेकाळची नणंद. "दोघातिघांनी सांगितलं, फेकून द्या आता. म्हटलं, तुझ्याकडे यावं. दुसरं कोण आहे गं आपलं?"

आपलं! सहा वर्षांपूर्वी हेच व्हिडिओ गेमचं खोकं तिच्या नवऱ्याबरोबर जिना उतरवताना वायरी कुणी सांभाळल्या होत्या? ह्याच ताईंनी. ती कामावरून घरी आली तर टीव्हीखाली धुळीत एक स्वच्छ चौकोन, बाकी सगळं जागच्या जागी – त्याचे कपडे, बूट, दाढीचं सामान. तिच्या पहिल्या पगारातून घेतलेलं खोकं तेवढं गेलं होतं. कपडे आठवड्याने गेले, आणि तो परत येणार नाही हा निरोपही ताईंनीच आणला, कपड्यांच्या पिशव्या भरता भरता. पुढे कुणाच्या तरी लग्नात त्याने म्हणे सगळ्यांदेखत सांगितलं, "मी गेलोय हे तिला कळायला आठवडा लागला असता, खोकं गेलेलं लगेच कळतं, म्हणून ते आधी नेलं." मंडळी पोट धरून हसली. तो विनोद तिच्यापर्यंत तीन तोंडांतून आला, आणि तिन्ही तोंडं सांगताना हसू दाबत होती... आणि त्यात थोडं खरं होतं, हे तिला आजही गिळता येत नव्हतं.

"गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला त्याला," ताई आवाज उतरवून म्हणाल्या. "पाय अजून उचलत नाही. बोटं चालतात, पण सावकाश. डॉक्टर म्हणाले, खेळू दे, तेवढाच बोटांना व्यायाम."

तिला आनंद झाला. वाईटही वाटलं असेल, पण मागाहून. आधी आनंदच झाला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

"संध्याकाळी न्यायला या," ती म्हणाली. सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणते तशी.

मशीन उघडल्यावर दुपारभर ती आणि ते खोकं. डिस्क वाचणारी काच कायमची गेली होती आणि आता नवी मिळत नव्हती, तेव्हा त्याचे खेळ आतल्या हार्ड डिस्कवर उतरवणं आलं, आणि कंपनीने मान्य न केलेलं काहीही चालवायचं नाही ही त्या मशीनची खोड मोडणंही आलं. ही खोड मोडण्याच्या दोन पद्धती. दुकानात त्यांना कायमची आणि रोजची असंच म्हणत. कायमच्या पद्धतीत मशीनच्या मूळ मेमरीवर कंपनीची प्रणाली पुसून आपली लिहायची. लिहिताना वीज गेली तर मशीनची वीट होते, पुन्हा कधी सुरूच होत नाही, पण एकदा जमलं की जमलं, बटण दाबा आणि खेळा. रोजच्या पद्धतीत मूळ प्रणालीला हात लावायचा नाही. मशीन सुरू झालं की पडद्यावरचं एक चिन्ह दाबायचं, थांबायचं, आपला प्रोग्राम मागच्या दाराने आत शिरतो. मशीन बंद केलं की ते सगळं विसरतं. पुन्हा सुरू करताना पुन्हा तेच. आणि कितीतरी वेळा ते मध्येच अडकतं, पडदा गोठतो, कंट्रोलरही ऐकत नाही – मग उठून मशीनचंच बटण दाबून धरावं लागतं.

उठून.

ह्या शब्दापाशी तिचं मन जे थांबलं ते हलेना.

"जुनं मॉडेल आहे, कायमचं करून टाक," पाठीमागून जाता जाता मालक म्हणाले.

"रोजचं करते. धोका नको, ओळखीतले आहेत."

"म्हणजे बिनओळखीच्यांची वीट झाली तरी चालेल होय?" मालक हसत आत गेले.

कुणी बोट ठेवू शकलं नसतं. सुरक्षित तीच पद्धत, कुणालाही विचारा. वाटलं असतं तर कायमचं लिहिताना मध्येच वायर ओढून खोक्याची वीटही करता आली असती... पण वीट काय, एकदा शिवी हासडली की माणूस विसरतो. मला एकदा नकोय. मला रोज हवंय. लिफ्ट यायला उशीर झाला तर बटणावर बुक्क्या मारणारा हा माणूस, आता खुर्चीत, चिन्ह दाबून बसलाय, पडदा गोठलाय, बटण चार पावलांवर आणि उठवत नाही – आणि हे कुणी करून दिलं ते त्याला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी. रोज नव्याने. तिने पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलं, आणि पडदा गोठला की दर वेळी तिला बरं वाटत होतं.

संध्याकाळी ताई आल्या. तिने सगळं दाखवलं, सावकाश. "आणि अडकलं, तर उठून हे बटण दाबून धरायचं."

"तो कुठला उठतोय!" ताई म्हणाल्या. "ती करेल की." ती म्हणजे त्याची आताची बायको. "शेजारीच बसलेली असते. तिला यातलं ओ का ठो कळत नाही, पण परवा त्याच्या हातून चमचा सुटला, तर दोघं किती वेळ हसत होती. फार शांत झालाय गं तो आता. अडकलं तर अडकलं, बसतील गप्पा मारत."

गोठलेला पडदा तिला दिसत होता, पण त्याच्यासमोर आता दोन माणसं होती, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

"कुणाकडे देतेस म्हणून विचारत होता. मी काही बोलले नाही." ताईंनी पिशवी उघडून धरली. "सांगू का, तू केलंस म्हणून?"

सांगितलं, तर तो उपकार मानेल. होता तसा वाईट माणूस राहण्याएवढीही दया त्याने दाखवली नव्हती. नाही सांगितलं, तर हे कुणीच केलेलं नाही. अजून वेळ होता, ठेवून जा म्हणता आलं असतं, उद्या कायमचं करून देते... म्हणजे बटण दाबलं की खेळ सुरू, थांबणं नाही, बायकोने उठणं नाही, तेवढ्या वेळातलं त्यांचं हसणंही नाही. दुपारी तिला स्वच्छ माहीत होतं, दोन्हींतली दुष्ट पद्धत कुठली ते. आता तिला सांगता येईना. राग तेवढाच होता, कणभरही उतरला नव्हता, फक्त तो ठेवायचा कुठे ते कळत नव्हतं.

"अगं, सोड की," ताई म्हणाल्या. खोक्याची दुसरी बाजू तिने अजून धरून ठेवली होती.