जाईचा माईक

जाईची मुलाखत लागली की मी स्वयंपाकघरात जाऊन बसते. ओळखीपाळखीच्यांना वाटतं, लेकीचं एवढं कौतुक होतंय आणि आई किती साधी!

आमची जाई कंट्री म्युझिक गाते. काउबॉयची हॅट, गिटार, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी, आणि जन्म सिंगापुरातल्या बेडोकमधल्या दहाव्या मजल्यावरचा. आधी एमआरटी स्टेशनाबाहेर उभी राहून गायची, मग क्लबांमधून बोलावणी आली, आता पुढच्या महिन्यात थेट नॅशव्हिलला, या गाण्यांच्या पंढरीला, निघाली आहे. मुलाखतीत ती दरवेळी एकच गोष्ट सांगते. अकरा वर्षांची असताना मंडळाच्या गणेशोत्सवात तिचा माईक मध्येच बंद पडला. ती रडवेली झाली, तेवढ्यात आईने पहिल्या रांगेतून टाळ्यांचा ठेका धरला. मग ती माईकशिवाय गायली, पार शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशी. आपला आवाज आपल्याला त्या दिवशी सापडला, असं म्हणते.

माईक बंद पडला नव्हता. वायर मी काढली होती.

कार्यक्रम माझ्याकडे होता. पत्रिकेत 'कु. जाई : अभंग' असं मीच छापून घेतलं होतं. सहा महिने क्लासला पाठवून बसवलेला अभंग! आणि ही कार्टी नऊवारीवर हॅट चढवून, गिटार घेऊन कुठलंसं इंग्रजी गाणं म्हणत उभी. शेजारी बसलेल्या मीनलताई माझ्याकडे अशा काही बघायला लागल्या की मी लाजेने अर्धमेली झाले. उठले, विंगेत जाऊन वायर ओढली आणि मुकाट्याने जागेवर येऊन बसले. टाळ्या वाजवल्या त्या कुणाला संशय येऊ नये म्हणून.

काल मरीन परेडला तिचा कार्यक्रम होता. सुरू व्हायच्या आधी तिच्या त्या सिंगापुरी 'ला'सकट म्हणाली, "आज ती गोष्ट सांगताना तुला स्टेजवर बोलावणार हां. नर्व्हस होऊ नको, ला."

एवढ्या लोकांसमोर उभं राहून ते कौतुक घेणं माझ्याने झालं नसतं. तिथेच, मेकअपच्या आरशासमोर, सगळं सांगून टाकलं.

ती बराच वेळ गिटारच्या तारा जुळवत राहिली. मग विचारलं, "इतकं वाईट गात होते का गं मी?"

छान गात होतीस, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मला ते गाणं आठवतच नव्हतं.

"मी ऐकलंच नाही गं. मी लोकांची तोंडं बघत होते."

"मग आज ऐक," जाई म्हणाली, आणि एकटीच स्टेजवर गेली.