पंचमीचा पाव

भट्टी म्हंजे चूल का तवा, एवढं मला कुनीतरी सांगा बघू. त्या टायमाला साताऱ्यात म्या ज्याला त्याला इचारलं, आन् ज्यानं त्यानं आपापलं शानपन सांगितलं. हसू नगा. तुमच्या भावाच्या जिवाशी गाठ असती तर तुमी बी असंच इचारत फिरला असता.

माझं म्हायेर शिराळ्याकडलं. आमच्याकडं नागपंचमी म्हंजे दिवाळीच्या वर. आदल्या दिशी भनीनं भावासाठी उपास धरायचा. पंचमीला इळी हातात धरायची न्हाई, चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, भाजायचं न्हाई, आन् चुलीवर तवा तर मुळीच ठेवायचा न्हाई. तवा म्हंजे नागोबाचा फना. तवा तापला की फना भाजतो, आन् नागोबा म्हंजे आपला भाऊच. उकडायला तेवढी मुभा. म्हनून तर त्या दिशी वाफेवर पुरनाची दिंडं करायची. ह्यात अवघड काय हाय? आमच्या आईला जन्मात कधी शंका आली न्हाई. पन तिच्या भावाची भट्टी न्हवती ना!

माझ्या भावाची हुती. ज्ञानू माझ्या पाठचा. आईबाप गेले, माझे मालक गेले, पोरबाळ न्हाई. मला जगात म्हनून ह्यो एक. लढाईवर निघाला तवा गावानं त्याला गुलाल लावून पाठवला. माघारी आला तवा पारावर बसवून इचारलं, "किती जर्मन मारलं रं?" ह्यो येडा खरं बोलला. म्हनला, "मी पलटनीच्या भटारखान्यात हुतो. पाव भाजायचो." झालं! एवढा मिशीचा गडी लढाईभर पीठ मळत बसला म्हनून सगळा पार खिदळला. मला लाज वाटली आन् राग बी आला. राग गावाचा का ज्ञानूचा, त्ये मला आजवर उमगलं न्हाई.

मग तो गावात ऱ्हायलाच न्हाई. साताऱ्याला सदर बझारात जागा घेतली, इटांची भट्टी बांधली आन् मला घेऊन आला. इटली मुलखात एका म्हाताऱ्याकडनं तो ह्ये काम शिकला हुता. कालच्या पिठाचा आंबट गोळा विरजनासारखा राखायचा, त्यो नव्या पिठात घालायचा, रातभर फुगू द्यायचा. सकाळी भट्टीत लाकडं जाळायची, निखारं भाईर ओढायचं, आन् तापल्या लादीवर पाव भाजायचा. पाव भाईर निघाला की ज्ञानू एकेक कानाला लावायचा. "ऐक आक्का, बोलतोय बघ." वरचं कवच तडतडायचं, त्ये त्याला बोलनं वाटायचं. मी म्हनायची, "पाव बोलाय लागला, आता एखादं गिऱ्हाईक बोलू दे."

गिऱ्हाईक कुठलं? लोक म्हनायचे, पाव पायानं मळत्यात, त्यात ताडी घालत्यात, खाल्ला की मानूस बाटतो. शेजारच्या गोदावरीकाकू, मास्तरांच्या मंडळी, लय सोवळ्यातल्या. पन डाक्तरानं मास्तरांना पाव सांगितला तवा त्याच मागल्या दारानं पदराखाली न्यायच्या. पाव म्हंजे आजाऱ्याचं खानं. म्हनून सरकारी दवाखान्याचं काम मिळालं तवाच आमी तगलो. रोज न्ह्यारीच्या आत टोपलंभर पाव पोचवायचा. त्या कामावरच आमाला रेशनातनं मैदा मिळायचा. तिथं कोठीवर नानासो म्हनून हुते. त्यांनी पयल्याच दिशी बजावलं, "एक दिवस चुकला की काम पुण्याच्या बेकरीला." म्हंजे दवाखाना गेला की मैदा गेला, मैदा गेला की भट्टी गेली, आन् भट्टी गेली की माझा ज्ञानू परत त्या पारावर हसं करून घ्यायला.

तशात पंचमी आली. सत्तेचाळीस सालची. झेंड्याच्या पताका अजून मोती चौकात लोंबत हुत्या. आदल्या दिशी माझा उपास. म्या ज्ञानूला म्हनलं, "उद्या भट्टी बंद ना रं?"

"बंद? आजारी मानसं उपाशी ऱ्हातील व्हय?"

"पन पंचमीला तवा..."

"तवा कुठाय हितं? लादी हाय."

"लादी म्हंजे थोरला तवाच की!"

"आक्का, डोक्यावरनं तोफगोळं जात हुतं तवा भट्टी पेटवलीय म्या. तुझा नागोबा तवा कुठं हुता?"

"माझ्या उपासात हुता," म्या म्हनलं. "म्हनून तू धडधाकट माघारी आलास."

त्यावर त्यानं परात म्होरं वडली. मैदा भिजवाय घेतलाच.

मी गोदावरीकाकूंकडं गेले. "आवं काकू, भट्टी म्हंजे चूल का तवा?" काकू लय इचारात पडल्या. "अगं बनुबाई, चूल म्हणावी तर वर भांडं ठेवत नाहीत. तवा म्हणावा तर खाली जाळ नाही." मग म्हनल्या, "शास्त्रात पावाचं काही नाहीच गं. पण तू आपली पेटवू नकोस बाई. आणि हे बघ, पेटवलीसच तर यांच्यासाठी एक बाजूला ठेव." घ्या! कोपऱ्यावर लालासाहेब ऱ्हायचे, पलटनीतले जुने सुभेदार. त्यांना इचारलं तर मिशीवर हात फिरवून म्हनले, "हुकूम त्यो हुकूम. पेटवा." म्या इचारलं, "तुमच्या घरी उद्या तवा ठेवनार का?" तर म्हनले, "छ्या छ्या, आमची मंडळी मला घराभाईर काढंल." गेले तवा डोक्यात एक शंका हुती, माघारी येताना चार झाल्या.

पंचमीच्या सकाळी बघते तर ज्ञानू घोंगडं पांघरून पडलेला.

"आक्का, पोटात कळ आलीय. उठवत न्हाई मला. लाकडं रचून ठेवल्यात. तू पेटव."

उपास माझा, भाऊ माझा, आन् कळ नेमकी पंचमीला? अजून पेटवली बी न्हाई तवा ही गत, पेटवली तर काय हुईल? का पेटवनार हुतो म्हनूनच ही गत? "ओवा देऊ का?" म्या इचारलं. "नगो. तू पेटव," म्हनला आन् भिताडाकडं तोंड केलं.

काडेपेटी घेऊन मी भट्टीच्या तोंडाशी बसले. पेटवावी तर ज्याच्यासाठी उपास धरला त्यालाच भाजल्यासारखं. न पेटवावी तर काम जातंय, आन् त्यालाच बुडवल्यासारखं. इकडं आड, तिकडं हीर, आन् दोन्हीत ज्ञानूच. काडी वडली, इझवली. दुसरी वडली, ती हातातच जळाली आन् बोटाला चटका बसला. तिकडं पीठ फुगून परातीच्या भाईर याय लागलं. त्याला काय पंचमी? पाटावर गंधानं काढलेल्या नागोबाम्होरं जाऊन हात जोडले. "बाबा, तूच सांग." नागोबा गप. देवाला इचारलं की देव बोलत न्हाई, आन् मानसाला इचारलं की मानूस थांबत न्हाई.

घरात दिंडांसाठी चुलीवर हंडा चढवला हुता. पानी खळाखळा उकळत हुतं. त्याच्याकडं बघता बघता मनात आलं, उकडायला मुभा हाय न्हवं? मग दिंड काय आन् पाव काय! पीठ त्ये पीठच. हंड्याच्या तोंडाला वलं फडकं बांधलं, हातानं तोडून तोडून गोळं वर मांडलं, परात पालथी घातली आन् बसले देवाचं नाव घेत. एक घाना निघाला, दुसरा निघाला. पांढरेफटक गोळं, सोललेल्या लसनासारखं. रंग न्हाई, कवच न्हाई. ज्ञानूनं बघितलं असतं तर पोटातली कळ डोक्यात गेली असती. पन तो तोंड फिरवून पडलेला. टोपलं डोक्यावर घेतलं आन् त्याला न सांगताच निघाले.

दवाखान्यात नानासोंनी फडकं उचललं. "बाई, हे काय?"

"पाव."

"हा पाव?" त्यांनी बोटानं दाबून बघितला. "भाजायचा राहिला की काय?"

"भाजला न्हाई, उकडलाय. आज पंचमी. तुमच्या घरी आज भाजलंय का काय?"

"आमच्या घरी कसं भाजतील?" नानासो म्हनले, आन् त्येच गोंधळात पडले. "पण दवाखान्याला पंचमी असते का नसते, हे मला कुणी सांगितलेलं नाही. थांबा, डाक्तरांना विचारतो." टोपलं घेऊन आत गेले.

मी भाईर पायरीवर बसले. आता काम गेलं, असंच वाटाय लागलं. ज्ञानूला काय सांगू? तुझ्या जिवासाठी तुझी भाकरी घालवली, असं सांगू? पेटवली असती तर बरं हुतं. आन् पेटवली असती आन् त्याला काय झालं असतं तर? दोन बाया शेजारी येऊन बसल्या, काय बाय इचाराय लागल्या, मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई.

नानासो आले त्ये रिकामं टोपलं घेऊन. "बाई, डाक्तर म्हणतात, मुदतीच्या तापातून उठलेल्यांना हाच पाव बरा. कवचाचा आतड्याला त्रास होतो. आणि ज्यांना दात नाहीत त्या म्हाताऱ्यांनी तर आणखी मागितला. उद्यापासून असलाच आणा. रोज."

काम ऱ्हायलं! मी घरला आले ती जवळजवळ पळतच. दारातनं बघते तर ज्ञानू गार भट्टीला टेकून बसलेला, हातात माझ्या घान्यातला उरलेला एक गोळा. चांगला उठून बसला हुता. आता ह्यो आग पाखडनार, म्हनून मी उंबऱ्यातच थांबले.

"पेटवली न्हाईस," तो म्हनला.

"न्हाई. तुझं पोट कसं हाय?"

"पोटाला काय झालंय?" मग खाली मान घालून म्हनला, "आक्का, तिकडं लढाईवर बी पंचमीला माझं पोट दुखायचं. आमच्यात एका भटजीच्या पोराकडं पंचांग हुतं, त्याला इचारून ठेवायचो. त्या दिशी सकाळीच पोट धरून पडायचो. भटारखान्याचा उस्ताद शिव्या घालायचा आन् दुसऱ्याला भट्टीवर लावायचा."

"आन् त्ये तोफगोळं? तू तर म्हनलास..."

"त्ये बाकीच्या दिशी. पंचमीला मनात यायचं, तिकडं आक्का काल दिसभर पान्याबिगर बसली असंल. मग माझ्या हातनं कशी पेटावी?"

मला आदी रडू फुटलं. एवढ्या लांब, तोफांच्या आवाजात, ह्यानं माझा उपास राखला, आन् मला कधी बोलला न्हाई. मग डोस्क्यात उजेड पडला आन् आसा राग चढला! "मेल्या! म्हंजे आज बी सोंगच? आन् काडेपेटी माझ्या हातात दिलीस? पाप माझ्या माथ्यावर?"

"मला पेटवता येईना, आन् काम सोडता बी येईना. म्हनलं, आक्का करंल त्ये खरं."

रिकामं टोपलं म्या त्याला फेकून मारलं. मग त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडले. त्यो बी डोळं पुसत हसाय लागला.

"जाऊ दे. उद्या बघ," म्हनला आन् उठला. उद्याची लाकडं सारखी कराय लागला, आंबट गोळ्याला नवं पीठ घातलं. "उद्या असा खरपूस भाजतो की तुझा हा गोळा इसरतील. नानासो लय बोलला का तुला?"

मघाधरनं जी आनंदाची गोष्ट घेऊन पळत आले हुते, ती आता सांगायची चोरी झाली. पन लपवून काय हुनार? सकाळी कळनारच की. म्या सांगितलं. त्यांना असलाच पाव पायजे. रोज.

"रोज?"

"रोज."

ज्ञानू लाकडांवरच बसला. चिडला न्हाई. चिडला असता तर बरं झालं असतं. "आजाऱ्याला बरा लागला ना? मग तसाच द्यायचा," म्हनला. मग एकदा भट्टीकडं बघितलं आन् म्हनला, "तू शिकीव मला वाफेचं." बास, एवढंच. दिंडं वाढली, ती तूप घालून खाल्ली, छान झाल्यात म्हनला. आन् मी आपली बसले मनाशी कुढत. म्या भावाला राखलं का बुडवलं? काम टिकलं, मैदा टिकला, भाऊ टिकला. सगळं टिकलं, आन् ज्या भट्टीपायी तो गाव सोडून आला तेवढीच गेली. कुनाला इचारू आता? गोदावरीकाकूंना?

दुसऱ्या दिशी झुंजुमुंजू व्हायला म्या हंडा चढवला. ज्ञानूनं मळलेल्या पिठातनं दवाखान्याचं गोळं मोजून माझ्याकडं दिलं. बारकासा एक उंडा उरला, चार पावांचा. तो पाटावर ठेवून माझ्या चुलीतलं एक जळतं लाकूड त्यानं उचललं आन् भट्टीम्होरं जाऊन उभा ऱ्हायला. पंचमी सरली हुती. उपास न्हवता, बंदी न्हवती, आन् गिऱ्हाईक बी न्हवतं. चार पावांसाठी भारा-दीड भारा लाकूड जाळायचं म्हंजे शुद्ध येडेपना.

"आक्का," माझ्याकडं न बघता त्यानं इचारलं, "पेटवू का नगो?"

"पेटव," म्या म्हनलं. कुनासाठी, त्ये मला बी ठावं न्हवतं.