तिसऱ्या वाडग्यातलं पाणी

"निघालं! शरयूताईंचंही निघालं!"

माधवगंजातल्या त्या मंगल कार्यालयात एकच गलका उडाला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला जमलेल्या पन्नासेक बायका वाटली डाळ आणि पन्हं तसंच टाकून टाचा उंचावून बघत होत्या. समोर रक्तशोधक महाराज बसले होते. त्यांच्यापुढच्या पांढऱ्या वाडग्यात शरयूताईंनी हात बुडवले मात्र, पाणी लालभडक!

"देखा? कीमो का ज़हर!" महाराज गरजले आणि लगेच आपल्या मोडक्या मराठीवर आले. "आठ साल आधी अंग्रेजी दवाई घेतली. रोग गेला, विष मात्र भाडेकरूसारखं बसलं. भाडं देत नाही, खोली सोडत नाही!"

हशा पिकला. दुसऱ्या वाडग्यात पाणी फिकट गुलाबी झालं. तिसऱ्यात नितळ राहिलं. चेल्याने वाडग्यांतलं पाणी बदललं आणि शंख फुंकला. "रक्त शुद्ध!"

शरयूताईंची मुलगी सीमंतिनी मागे खांबाला टेकून उभी होती. ती कॉलेजात ग्रंथपाल. आईचा स्तनाचा कर्करोग आठ वर्षांपूर्वी बरा झाला होता. पण महिनाभर आईला जिना चढताना धाप लागत होती, आणि काही न लागता दंडावर निळे डाग उमटत होते. डॉक्टरांनी सोमवारी रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं.

"आणि हे डाग, महाराज?" शरयूताईंनी पदर सारून दंड दाखवला.

"विष दार ठोठावत होतं, माताजी. आता गेलं. जाँच-बिंच काही नको!"

एवढ्यात शेजारच्या भदौरिया भाभी धावतपळत आल्या आणि हळदीकुंकू घ्यायलाही न थांबता थेट वाडग्यापाशी पोहोचल्या. हात बुडवला. पाणी ढिम्म. दुसरा बुडवला. तरी ढिम्म.

"हमारा काहे नहीं निकला?" भाभी उखडल्या. "शुगर है, बीपी है, घर में सास है! ज़हर तो होगा ही!"

"श्रद्धा कम है," महाराज म्हणाले.

सीमंतिनीने भाभींचे स्वच्छ हात पाहिले. मग बाकीच्या बायकांचे, हळदीने माखलेले. ती काही बोलणार, तोच शरयूताई शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरीसारख्या तिच्याकडे आल्या.

"चल, मला बेढई खायचीय. दोन!"

डाळ भरलेल्या त्या गरम पुऱ्या दोन नव्हे, तीन खाल्ल्या. ई-रिक्षात बसल्यावर चटणीचं बोट चाटत म्हणाल्या, "सोमवारचं कॅन्सल कर हं. सुया टोचून टोचून जीव नकोसा झालाय. डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"बरं," सीमंतिनी म्हणाली.

तो त्यांच्या घरातला शेवटचा साधा दिवस. बुधवारी शरयूताईंच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते थांबेना. हॉस्पिटलात नेलं तर डॉक्टर म्हणाले, रक्ताचा कर्करोग. रविवारी त्या गेल्या.

अक्षय्य तृतीयेला महाराज पुन्हा त्याच कार्यालयात अवतरले. या खेपेला गर्दी दुप्पट, शंख दोन. पहिल्या बाईने वाडग्यात हात घातला, पाणी लाल झालं, आणि टाळ्यांच्या कडकडाटात सीमंतिनी पुढे आली. सोबत तिने कार्यालयाचे मॅनेजर महिपतराव यांना धरून आणलं होतं. हे फौजेतून रिटायर झालेले, रोज किल्ला चढणारे गृहस्थ.

"काका, हात." तिने करंड्यातली हळद त्यांच्या तळव्यांना चोळली आणि चेल्याने नुकताच नव्याने भरलेला वाडगा पुढे ओढला. "बुडवा आता."

लाल!

"काका, कीमो कधी घेतलात?"

"कीमो? अगं, मी डोकेदुखीची गोळी नाही घेतली जन्मात!"

बायका खिदळल्या. महाराज खाकरले.

"आता तुमची चुन्याची डबी द्या."

"कसली डबी?" महिपतरावांनी चोरून बायकोकडे पाहिलं.

"काकूंपासून लपवता ती."

हॉल हसून लोटपोट झाला. डबी निघाली. सीमंतिनीने साध्या पाण्यात चुना कालवून निवळू दिला, वरचं पाणी दुसऱ्या वाटीत ओतलं आणि हळदीचं बोट बुडवलं. लाल. मग त्यात पेलाभर पन्हं ओतलं. लाल पाणी बघता बघता पिवळं झालं.

"विष गेलं का परत आत?"

"अगं बाई!" सगळ्यांत वडील असलेल्या शालिनीताईंनी कपाळावर हात मारला. "हळद आणि चुना! चाळीस वर्षं देवीचं कुंकू मी घरी ह्याच्यातूनच करते, आणि इथे पुढे बसून टाळ्या पिटत होते!"

"आणि दोन वाडग्यांत हात धुतल्यावर तिसऱ्यात काय उतरणार?" सीमंतिनी म्हणाली.

"मतलब हमारी श्रद्धा ठीक है," भदौरिया भाभी ओरडल्या, "बस हल्दी नहीं थी!"

चेला शंख काखोटीला मारून दाराकडे सरकला. महाराज उठले, पण जाता जाता वळले. "तेरी माँ को खून का कैंसर किससे हुआ? उसी दवाई से ना? पूछ अपने डॉक्टर से!"

सगळ्या माना सीमंतिनीकडे वळल्या.

"विचारलं," सीमंतिनी म्हणाली. "असू शकतं, म्हणाले. कर्करोग मारणारं औषध कधी कधी हाडांतल्या मगजाला इजा करतं. रक्त तिथेच तयार होतं. मग वर्षांनंतर असं होतं, फार थोड्यांना. पण त्याच औषधाने आईला आठ वर्षं दिली. म्हणूनच ते रक्त तपासत राहायला सांगतात. ते वाडग्यात दिसत नाही. सुई टोचून घ्यावी लागते."

महाराजांना बोलायचं होतं, पण महिपतराव लाल तळवे पुढे करून त्यांच्या वाटेत उभे होते.

"इथे हात बुडवून ज्यांनी तपासण्या रद्द केल्यात," सीमंतिनी बायकांकडे वळली, "त्यांनी उद्या सकाळी जा. मी येते सोबत. आई वाचली असती का, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण निदान कळलं असतं. डोळ्यांना दिसलं की ते खरंच असं नसतं. विचारा, तपासा, मग माना."

"सीमू," शालिनीताई हळूच म्हणाल्या, "तुला हे कळलं तरी कधी गं?"

पुस्तकात वाचलं, असं सांगता आलं असतं.

"त्याच दिवशी. भाभींचं पाणी लाल झालं नाही, तेव्हाच. सगळ्यांना वाटतं, आई खूश होती म्हणून मी गप्प बसले. तसं नाही." तिने मान वर केली. "मला त्या रिपोर्टची भीती वाटत होती. हा महाराज खरा निघावा असं मलाच वाटत होतं. मला माहीत होतं, आई, आणि मी तुला 'बरं' म्हटलं."