एकमताने काढलेला हापसा

मित्रांनो, ग्रामपंचायतीच्या मागे गवतात पडलेलं ते गंजकं लोखंड दिसतंय ना? तो मी, गावचा जुना हापसा. हसू नका. माझा दांडा मोडला नव्हता, पाणीही आटलं नव्हतं. मला चांगला चालू असतानाच उपटून काढलं.

देवळाली प्रवराकडच्या या गावात मला बसवलं, तेव्हा तुमचे आजोबा शाळेत जात होते. ओढ्याच्या अलीकडे गावठाण, पलीकडे चर्चची वस्ती, आणि समाजमंदिरासमोर, ओढ्याच्या काठाशी मी. दोन्हीकडच्या बायका माझ्याकडे यायच्या. माझा दांडा भलताच जड! म्हणून रीतच पडली होती, की आपली कळशी आपण हापसायची नाही. एकीने हापसायचं, दुसरीने कळशी धरायची, मग पाळी बदलायची. गावठाणातली राहीबाई आणि वस्तीतली दीनाबाई यांची जोडी तर तीस वर्षांची. कोण आजारी, कुठे दिवा नाही, सगळं माझ्या ओट्यावर कळायचं, आणि राहीबाई ते ग्रामसभेत तावातावाने मांडायची. वस्तीचा रस्ता तिनेच भांडून करून घेतला. तेव्हा मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

पुढे गावठाणात घरोघर नळ आले. पाइप मात्र ओढ्यापाशी थांबला. वस्तीला पुढच्या टप्प्यात देऊ म्हणाले. चार वर्षं झाली, तो टप्पा काही उजाडला नाही. राहीबाईचं येणं बंद झालं. तिला तरी कशाला बोल लावू? दारात पाणी असताना कोण पायपीट करतं? वस्तीतल्या बायका पहाटेच पाणी भरून उसाच्या कामाला जायच्या, त्यामुळे गावठाणाला त्या दिसतच नसत. गुडघे धरलेली दीनाबाई सगळ्यांच्या मागून यायची. चार वेळा हापसायची, थांबायची, कंबर धरायची. मला फार वाईट वाटायचं.

मग एका रविवारी सकाळी दहाला ग्रामसभा भरली. रस्त्यावर कमान बांधायची होती आणि तिचा खांब नेमका माझ्या जागी येत होता. वस्तीतलं एकही माणूस सभेला नव्हतं. असणार कसं? त्या वेळी सगळी वस्ती चर्चमध्ये असते. ओढ्यापलीकडून गाण्यांचा आवाज येत होता, तरी सभेत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"हापशावर आता कोन येतंय?" पंचायतीचा सदस्य छगन म्हणाला.

"कोनी न्हाई. समद्यांकडं नळ हायेत की," उत्तर राहीबाईनेच दिलं, आणि हात वर केला. ठराव एकमताने मंजूर! मी कसा ओरडणार? दांडा कुणी हलवला तरच मला आवाज.

सोमवारी मला काढत असताना दीनाबाई कळशी घेऊन आली. खडखडाट ऐकून राहीबाईही आली.

"राही, तू बी हात वर केलास?"

"अगं, मला वाटलं तुमच्याकडं बी नळ आला."

"तुझ्या दारात आला म्हंजी माझ्या बी आला व्हय? चार वर्सांत एकदा तरी वढा वलांडून बघायचं."

राहीबाईचा चेहरा उतरला. "थांबा रं, थांबा!" ती माणसांना ओरडली. पण तोवर माझे पाइप वर आले होते. ती रडायलाच लागली. "दीना, माझ्या नळाचं पानी ने. रोज ने."

"ते तुझं पानी हाय, राही. ह्ये माझं बी हुतं," दीनाबाई म्हणाली आणि रिकामी कळशी काखेत घेऊन निघून गेली.

आता कमान उभी आहे. वस्तीतल्या बायका तिच्याखालून लांबच्या विहिरीवर जातात. परवा राहीबाई इथे आली होती. उगाच माझा दांडा दाबला आणि सवयीने तोटीकडे पाहिलं. कळशी धरायला कुणी नव्हतं. बराच वेळ ती माझ्याजवळ बसून राहिली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही ग्रामसभेत बसाल. हात जरूर वर करा. पण त्याआधी एकदा ओढ्यापलीकडे, शेवटच्या घरापर्यंत जाऊन या. फक्त रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा तिथली माणसं चर्चमध्ये असतात. एवढं तरी गावात कुणाला माहीत असू द्या.