सावटचा ट

विणकरांच्या वडगावात माणूस मेला तरी गल्लीच्या फळ्यावर नाव लागेपर्यंत कुणी मागावरून उठत नाही. मंडळाच्या भिंतीवर तो काळा फळा आहे. त्यावर वर्षानुवर्षं यल्लाप्पा सांबरेकर लिहीत आले. स्वतः विणकर. खडू पाण्यात भिजवायचे, आधी लांब शिरोरेषा ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर अडकवायचं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. रेषा किती लांब ओढली यावरनंच लोक अंदाज बांधायचे, की मयत कुठल्या घरचं. लांब रेषा म्हणजे आडनाव, हुद्दा, सोसायटीचं चेअरमनपद, सगळं बसवायचंय. आखूड रेषा म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी.

त्याच गल्लीच्या तोंडाशी अमृत हट्टीकरचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली, दोन्ही एकाच मशीनवर. पुष्कळदा फोटोही तोच असायचा, हार तेवढा नवा. अमृतनं चित्रकलेचा डिप्लोमा केलेला, पण तो हात पुढाऱ्यांच्या गालावर उजेड पाडण्यात खर्ची पडला होता. गल्लीत बायका एकमेकींना सांगायच्या की अमृतकडं गेलं की मेलेला माणूसबी गोरा होतोय. ही तारीफ ऐकून तो हसायचा आणि आतल्या आत जळायचा. आपल्या कामाखाली एकदा तरी आपलं नाव लागावं, एवढीच त्याची भूक. आणि भुकेला माणूस ताट कुणाचं ते बघत नाही.

ताट घेऊन आला स्वरूप. खानापूरचा पोरगा, पुण्याला राहून सिनेमा शिकून आलेला. त्याच्या पहिल्या सिनेमाचं नाव होतं ‘सावट’. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत एक हमाल मरतो, कुणी मारला ते सगळ्या गावाला ठाऊक, आणि शेवटपर्यंत बोलत कुणीच नाही. स्वरूप त्याला ‘न्वार’ म्हणायचा.

“म्हंजे काय रं?” अमृतनं विचारलं.

“म्हणजे सगळं सावलीत. माणसं वाईट, जी चांगली वाटतात ती जास्त वाईट, आणि शेवटी कुणाचंच भलं होत नाही.”

“मग सिनेमा कशाला काढलास? आमच्या गल्लीत बस की दोन दिवस.”

स्वरूपला पडद्यावर येणारं नाव हवं होतं, फक्त तीन अक्षरं. ती जमली, तर श्रेयनामावलीत ‘शीर्षक अक्षरे : अमृत हट्टीकर’ अशी स्वतंत्र पाटी. नाही जमली, तर सोमवारी पोस्टर छपाईला जायच्या आत पुण्याचा एकजण करून देणार होता.

अमृतनं जीव तोडून नमुने केले. रक्त गळणारी अक्षरं, सुरीसारखी टोकदार, धुरात विरणारी. स्वरूप एकेक बाजूला सारत गेला.

“ही हॉटेलच्या चायनीजची. हे भुताचं. हे तर कुस्तीच्या मैदानाचं.”

शेवटी अमृतच्या मोबाईलमधले जुने फोटो पुढं सरकवता सरकवता त्याचं बोट थांबलं. “हे काय आहे?”

तो गल्लीच्या फळ्याचा फोटो होता, गेल्या वर्षीचा. ‘कै. समर्थ यल्लाप्पा सांबरेकर यांचे अपघाती निधन. रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी.’ समर्थ म्हणजे यल्लाप्पांचा एकुलता एक, अमृतच्या वर्गातला. संकेश्वरच्या अलीकडं हायवेवर गेला. फळा लिहिणारा दुसरा कुणी गल्लीत नव्हता, म्हणून बापानंच खडू भिजवला. रेषा अर्ध्यापर्यंत सरळ गेली आणि मग ओझं घेतलेल्या दोरीसारखी खाली झोळली. यल्लाप्पांनी ती पुसली नाही. झोळलेल्या रेषेलाच मुलाचं नाव अडकवलं. खडू जास्त भिजलेला, त्यामुळं अक्षरांचे पाय खाली ओघळले होते. मित्राच्या दुःखात बुडालेल्या अमृतनं त्या दिवशी हा फोटो काढला, कारण अक्षर लई भारी आलं होतं. असं त्यानं कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

“हेच पाहिजे,” स्वरूप म्हणाला.

“ते समर्थचं हाय.”

“मी नाव कुठं मागतोय? स घे, काना घे, व घे.”

अमृतनं घेतलं. नाही म्हणायला त्यानं चहा संपेपर्यंत वेळ लावला, तेवढीच मैत्री शिल्लक होती म्हणायची. पण त्या मजकुरात कुठंच ट नव्हता. मग त्यानं स्वतः ट काढायला घेतला. खडू भिजवून, डाव्या हातानं, डोळे मिटून; पाट्याच्या पाट्या भरल्या. स्वरूपनं बघितलं आणि मान हलवली.

“तिघं मयताला आलेत, आणि हा चौथा लग्नाला आलाय. त्यांच्याकडनंच काढून घे की.”

समर्थचं वर्षश्राद्ध आलंच होतं. अमृत यल्लाप्पांच्या घरी गेला. समर्थच्या आईनं, मालुबाईंनी, पाट टाकला, पाणी दिलं. लेकाचा मित्र अजून येतो, याचंच त्या माउलीला कौतुक.

“आण्णा, समर्थच्या नावानं दवाखान्यात फळवाटप करूया म्हंतो. खर्च माझा. तुम्ही फळ्यावर तेवढं लिवा.”

यल्लाप्पा मालुबाईंना म्हणाले, “बघ, पोरगं इसरलं न्हाय.”

मालुबाईंनी पदर डोळ्याला लावला. अमृतनं खाली बघितलं. लाज वाटली म्हणून असेल. पण मनात तो मजकूर जुळवत होता. समर्थ, फळवाटप. ट मधोमध, जिथं रेषा झोळते तिथंच.

सकाळी फळ्यापाशी दोघंच होते. आजूबाजूला मागांची खटखट चाललेली. यल्लाप्पांनी खडू भिजवला, रेषा ओढली. ती सरळ गेली, ताण्यातल्या धाग्यासारखी. ‘समर्थ’ लिहिलं. तेही सरळ, ठणठणीत. वर्षभरात त्या हातानं गल्लीतले इतके मेलेले लिहिले होते की तो पुन्हा तयार झाला होता. मोबाईल धरून उभ्या अमृतनं हात खाली घेतला. असला ट त्याच्या कामाचा नव्हता. ‘फळवा’ झालं. खडू पुढच्या अक्षराला टेकला.

“आण्णा,” अमृत म्हणाला, “समर्थला कुठलं फळ आवडायचं हो?”

खडू तिथंच घसरला. ट चा पोटातला वळसा फाटला, पाय ओघळून खालच्या ओळीपर्यंत आला. यल्लाप्पांनी हात तसाच फळ्यावर टेकवून ठेवला.

“पेरू,” ते म्हणाले. “कच्चा. मीठ लावून.”

अमृतनं फोटो काढला.

दवाखान्यात त्यानं केळी वाटली. “पेरू मिळालं न्हाईत व्हय?” यल्लाप्पांनी हळूच विचारलं. अमृत म्हणाला, सीझन न्हाय आण्णा. बाहेर गाड्यावर पेरूचा ढीग लागला होता. यल्लाप्पांनी तो बघितला.

सिनेमा लागला, चार दिवसांत उतरला. पण अक्षर राहिलं. पडद्यावर काळोखातून ती झोळलेली रेषा यायची, तिला तीन अक्षरं लटकायची, आणि थेटरात चिडीचूप. पाटीवर अमृतचं नावही आलं. त्यानं त्याचा फोटो महिनाभर स्टेटसला ठेवला. मग पोरं दुकानात यायला लागली. “अमृतदा, आमच्या दादाचा वाढदिवस, सावटच्या अक्षरात कर की.” अमृतनं त्या तीन अक्षरांवरनं बाकीची बाराखडी बेतली. बेळगुंदीच्या शर्यतीच्या बोर्डावर ते अक्षर गेलं, मोटारसायकलींच्या मागं गेलं, बनियनवर गेलं. एका पोराच्या पाठीवर आपल्या लेकाचा स बाजारात चाललेला मालुबाईंनी पाहिला. त्या भाजी न घेताच घरी आल्या. त्यानंतर अमृत दिसला की त्या दाराची कडी लावून घ्यायच्या.

यल्लाप्पा मात्र फळा लिहीत राहिले. अमृतनं आपल्यापुरता हिशेब मिटवला: म्हाताऱ्याला कळलं नसावं.

मग गल्लीतली म्हातारी जयाबाई गेली. यल्लाप्पांनी फळा लिहिला, नेहमीसारखा, सरळ रेषेत; अक्षराचं वळण मात्र तेच. गल्लीच्या हौदावर बसणारी पोरं जमली. एकजण म्हणाला, “आरं, सावटचं अक्षर. ओरिजिनल.” दुसऱ्यानं फळ्याला पाठ लावून, दोन बोटं वर करून फोटो काढून घेतला. जयाबाईचा लेक मष्णू टॉवेल डोक्याला बांधून तिरडीचं सामान आणायला निघाला होता, त्यानं ते बघितलं. पोरांच्या अंगावर गेला नाही. नुसता पुढं झाला आणि हातानं फळा पुसला.

“आण्णा, राग मानू नकासा,” तो म्हणाला. “आईचं नाव ह्या अक्षरात नको.”

यल्लाप्पांनी मान डोलावली. पाण्याचा डबा आणि खडू उचलून ते सरळ अमृतच्या दुकानात आले. मष्णू मागोमाग.

“ये,” यल्लाप्पा म्हणाले. “फळा लिवायचाय.”

“मी, आण्णा? छापून देतो की. पाच मिंटात.”

“गल्लीत मयत छापायची रीत न्हाय. पोस्टर बघितलं तवाच कळलं मला, फळाचं कशापायी इचारलंस ते. त्याचं काय न्हाय. माझं अक्षर आता माझं ऱ्हायलं न्हाय. तुझं तुझ्यापाशी हाय न्हवं अजून? मग तू लिव.”

अमृत फळ्यासमोर उभा राहिला. मागं माणसं गोळा झालेली, घाईतली, टोप्या घातलेली. त्यानं आधी अक्षरं लिहून मग रेषा द्यायचं ठरवलं, शाळेत शिकवलं होतं तसं. ‘कै. जयाबाई’ लिहिलं. कान्यांचे पाय खाली ओघळले. पुसलं. कोरडा खडू घेतला, सावकाश लिहिलं. ‘रक्षाविसर्जन’ मधला स तोच आला, समर्थचा. पाट्याच्या पाट्या भरताना, बाराखडी बेतताना हात जे शिकला होता, तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं. त्यानं पुन्हा पुसलं. फळा ओला, पांढुरका झाला.

त्यानं वळून बघितलं. यल्लाप्पा घराकडं चालू लागले होते.

“लिव की लवकर,” मष्णू म्हणाला. “कसं का असंना. माणसं थांबल्यात.”

अमृतनं लिहिलं. जसं आलं तसं.